माझ्याच पावलांची वाट

आमच्या म्हापशाच्या घरी बाहेरच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे. वाळूच्या टेकडीचा. सकाळचं तिरपं ऊन, उतारावर वाऱ्याने उठवलेल्या बारीक लाटा, प्रत्येक लाटेच्या पायाशी सावलीची एक रेघ, आणि त्या सगळ्यातून खालून वर चढत गेलेली एकाच माणसाची पावलं. माथ्यावर पावलं संपतात, पुढे नुसतं आकाश. जानेवारी २०११ मध्ये मी तो काढला. घरी येणारा पाहुणा त्याच्यापुढे हमखास थांबतो आणि विचारतो, "राजस्थान का?" मी सांगते, "नाही हो, पेडणे तालुका. इथून पाऊण तासावर."

२०२४ च्या दिवाळीत माझी भाची वडोदऱ्याहून आली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, फोनवर फोटो फार छान काढते. दुसऱ्याच दिवशी ती त्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मला इथे घेऊन चल. अस्साच फोटो काढायचाय. फक्त पावलं माझी."

मी म्हटलं, "जागा दाखवते. पण ती टेकडी चढायची नाही."

"का?"

"तिथे गेल्यावर सांगते."

तिथे गेल्यावर तिला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे. आपल्या मंडळाची बरीच मुलं सुट्टीत गोव्याला येतात, आणि येताना सगळ्यांच्या खिशात कॅमेरा असतो.

समुद्रकिनारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती सपाट पुळण. तिच्या मागे वाळूच्या टेकड्या असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी त्या आता उरलेल्या नाहीत. उत्तर गोव्यात मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यात अजून आहेत. ही टेकडी बनते कशी, ते पाहायला दुपारी तीन-चारच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुटला की पुळणीवर अगदी खाली बसावं. लाटांनी आणून टाकलेली वाळू ओहोटीच्या वेळी वाळते, कण सुटे होतात आणि वाऱ्याबरोबर निघतात. धुळीसारखे ते हवेत तरंगत नाहीत. वाळूचा कण जड असतो. तो उडी मारतो, थोडा पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणाला धक्का देतो, मग तो उडी मारतो. घोट्याला बारीक टाचण्या टोचल्यासारखं होतं ना, ते हे. वाटेत एखादा वेल, ओंडका किंवा जुन्या जाळ्याचा तुकडा आला की वारा तिथे मंदावतो आणि कण खाली बसतात. वेल त्या वाळूखाली गाडला जात नाही, वर वाढतो. त्याच्यावर पुन्हा वाळू बसते. अशी वर्षानुवर्षं चढाओढ चालते आणि टेकडी उभी राहते.

हा वेल म्हणजे मर्यादवेल. पान आपट्यासारखं, मधोमध दुभंगलेलं, फूल जांभळट गुलाबी. समुद्राने इथवरच यायचं, अशी मर्यादा घालणारा म्हणून मर्यादवेल, असं आमच्याकडे म्हणतात. जमिनीवर सरपटताना त्याला पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे एकच वेल कितीतरी हात लांबीची वाळू शिवून ठेवतो. त्याच्या जोडीला स्पिनिफेक्स नावाचं टोकदार पात्यांचं गवत असतं. तमिळमध्ये त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. ज्याच्या पायात ते एकदा घुसलंय, त्याला हे नाव पटेल. या गवताचे काटेरी चेंडू वाऱ्याने पुळणीवरून गडगडत जातात आणि मागे वाळूवर ठिपक्यांची माळ उमटवतात. फोटो काढायला याहून गंमतशीर गोष्ट किनाऱ्यावर नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळला की तो पुळणीची आणि टेकडीच्या पायथ्याची वाळू ओढून नेतो, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा करतो, आणि मोठ्या लाटा मग त्या दांड्यावरच फुटतात. पाऊस संपला की हीच वाळू हळूहळू परत येते. टेकडी म्हणजे किनाऱ्याने अडीअडचणीला ठेवलेली पुंजी. म्हणूनच जुन्या लोकांनी घरं टेकडीच्या पाठीमागे, माडांत बांधली. पावसाचं पाणी टेकडीत मुरतं, त्यामुळे मागच्या विहिरी समुद्राच्या इतक्या जवळ असूनही गोड्या.

मी २०११ चा फोटो काढला तो अशाच एका विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून. विहीर एका रापणकार काकांची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी ओढायचं मोठं जाळं. काकांचं सगळं आयुष्य ते ओढण्यात गेलं. त्यांच्या अंगणातून समुद्र दिसायचा नाही. टेकडी आड यायची. नुसता आवाज यायचा.

आता फोटोबद्दल. वाळूचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. डोळ्यांना जे सोनेरी दिसतं, ते कॅमेऱ्यात राखाडी आणि मळकट येतं. यात वाळूचा दोष नाही. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असंच वाटत असतं, म्हणून उजळ वाळू दिसली की तो उजेड कमी करून टाकतो. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हे मुळातच उजळ आहे. साध्या कॅमेऱ्यात त्यासाठी अधिक-उण्याचं बटण असतं, ते अधिक एकच्या आसपास न्यायचं. फोनवर वाळूवर बोट टेकवलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवायचं. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम सावलीचं. वाळूवरच्या लाटा जेमतेम बोटाच्या पेरभर उंच. दुपारी बारा वाजता त्यांना सावलीच नसते, म्हणून दुपारचा फोटो चादरीसारखा सपाट दिसतो. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असेल तेव्हा सेंटिमीटरभर उंचीची सावली साडेपाच सेंटिमीटर लांब पडते, आणि लाटा उठून दिसतात. हे तर सगळेच सांगतात. मला जे कळायला दोन हिवाळे गेले ते वेगळंच होतं. मी दर वेळी संध्याकाळी जायचे, कारण गोव्यात फोटो म्हटलं की सूर्यास्त, आणि दर वेळी लाटा पुसट यायच्या. एके दिवशी काकांच्या अंगणात बसून काडीने मातीवर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. दुपारचा वारा आमच्याकडे बहुधा वायव्येकडून येतो. वाळूच्या लाटा वाऱ्याला आडव्या, म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य अशा पडतात. आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या बराच डावीकडे, नैर्ऋत्येकडे झुकून. म्हणजे संध्याकाळचं ऊन लाटांच्या लांबीच्या दिशेनेच जवळजवळ सरळ येतं. सावली पडणार कुठून? हिवाळ्यात सकाळी मात्र सूर्य आग्नेयेकडे झुकून उगवतो आणि ऊन लाटांना आडवं कापत येतं. एप्रिल-मे महिन्यांत याच्या उलट, तेव्हा संध्याकाळ चांगली. शाळेतल्या भूगोलाचा एवढा उपयोग मला आयुष्यात दुसऱ्या कशातही झाला नसेल.

तर जानेवारीतली ती सकाळ. माडांच्या वर सूर्य आला होता. रात्री वारा पडलेला, आदल्या दुपारच्या लाटा जशाच्या तशा. विहिरीकडच्या बाजूला वेलींच्या मधे एक उघडा उतार होता, त्यावर एकही खूण नव्हती. मला वाटलं, रिकामा उतार म्हणजे नुसता कागद, त्यावर काहीतरी हवं. मी चप्पल काढली आणि माथ्यापर्यंत चढून गेले, दुसऱ्या बाजूने उतरून वळसा घालून विहिरीपाशी आले. फोटो पाहिला. पावलं वाकडी पडली होती. मग शेजारून पुन्हा चढले. एकदा पावलं फार जवळजवळ पडली, एकदा मधेच पाय घसरून वाळूचा पदर खाली आला. कोरड्या वाळूचा उतार साधारण तीस-चौतीस अंशांपलीकडे टिकतच नाही, पाय पडला की तो ढासळतो. असं करत किती वेळा चढले ते मोजलं नाही, पण पंधरा वेळा तरी नक्की. जो फोटो भिंतीवर आहे, त्याच्या चौकटीबाहेर डावीकडे माझ्या आधीच्या सगळ्या फसलेल्या पावलांचा चिखल आहे. शिवाय वेलीचे दोन-तीन फाटे पायाखाली तुटले होते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

फोटो आमच्या इथल्या एका प्रदर्शनात लागला, मग मी तो फेसबुकवर टाकला. खूप कौतुक झालं. लोक विचारू लागले, कुठली जागा? मी सांगितली. नुसतं गाव नाही, नकाशावरची खूण पाठवली. मला त्याचा अभिमानच वाटत होता.

पुढची काही वर्षं मी बहुतेक दर जानेवारीत तिथे जायचे आणि सवयीने त्याच कठड्यापाशी उभी राहून, त्याच भिंगाने, एक फोटो काढायचे. तेवढी एक चांगली सवय. २०१२ मध्ये उतारावर चार-पाच जणांची पावलं होती. २०१४ मध्ये त्यांची पायवाट झालेली होती. २०१५ मध्ये मी गेले तेव्हा एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं, मुलीचा लांबलचक लाल झगा टेकडीच्या माथ्यावरून खाली सोडलेला, आणि फोटोवाला तिला सांगत होता, "मॅडम, पुन्हा एकदा वरून चालत या." मला हसू आलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं.

काका तेव्हा काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले की आम्ही या टेकडीवर कधी चढत नाही. रापणकारांची समुद्राकडे जायची वाट टेकडीच्या टोकाला वळसा घालून, तिरकी जाते. इतक्या जड जाळ्याचं ओझं खांद्यावर घेऊन ही माणसं लांबून का जातात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

वेल तुटला की त्याखालची वाळू सुटी होते. सुटी वाळू वारा उचलतो. तिथे खळगा पडतो. खळग्यातून वारा जायला लागला की अरुंद जागेत त्याचा वेग वाढतो आणि तो आणखी वाळू उचलतो. म्हणजे सुरुवात पावलांनी होते, पण पुढे पावलांची गरजच राहत नाही, वारा एकटा काम पुरं करतो. माझी वाट समुद्राकडे सरळ उघडणारी होती. रापणकारांची तशी नव्हती, ती का नव्हती ते आता कळलं.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. कोविडची संचारबंदी चालू होती, वीज गेली होती, घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी फोन चालू झाला तेव्हा काकांच्या मुलाने पाठवलेला एक फोटो आला. अंगणात समुद्राची वाळू, तुळशीवृंदावनाच्या पायरीशी फेसाची पट्टी, विहिरीच्या कठड्याला अडकलेल्या काटक्या. मी लगेच फोन लावला. काकांनी घेतला. पाणी टेकडीवरून आलं नव्हतं. टेकडी दोन्ही बाजूंना उभी होती. ते म्हणाले, "तुज्या फोटोंतल्या वाटेंतल्यान उदक आयलें."

त्यात राग नव्हता. जे घडलं ते सांगितलं एवढंच. पण मला पुढे काही बोलता आलं नाही. विहिरीत खारं पाणी गेलं होतं. पावसाळाभर उपसा केला तेव्हा कुठे ती पुन्हा गोडी झाली.

संचारबंदीतल्या त्या रिकाम्या दिवसांत मी माझे सगळे जानेवारी काढून बसले. २०११ पासून २०२० पर्यंतचे सात फोटो होते, सगळे एकाच जागेवरून. एकामागोमाग एक पाहिले. टेकडीच्या माथ्याची रेघ २०११ मध्ये अखंड. २०१४ मध्ये तिला किंचित बाक. २०१७ मध्ये खाच. आणि २०२० च्या फोटोत त्या खाचेत एक निळी पट्टी. समुद्र! काकांच्या विहिरीपासून समुद्र दिसायला लागला होता आणि मी तो फोटो काढूनही ते पाहिलं नव्हतं. उलट मला आठवतंय, त्या वर्षी निळ्या रंगामुळे फोटो छान उठाव घेतोय असंच वाटलं होतं.

एकटीच्या पंधरा फेऱ्यांनी टेकडी फुटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. घरच्यांनी माझी समजूत काढायला हेच सांगितलं. शिवाय टेकड्यांचे खरे शत्रू मोठे आहेत. कुठे पूर्ण टेकडीच सपाट करून वर खुर्च्या मांडल्या जातात. त्यासाठी कायदा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेतच वाळूच्या टेकड्यांचा आकार बदलायला मनाई केली होती, आणि २०१९ च्या अधिसूचनेत या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात आहेत. पण कायदा यंत्राला अडवू शकतो. अनवाणी पायांना कोण अडवणार? आणि पत्ता तर मीच दिलेला.

पावसाळा संपल्यावर काका, त्यांचे दोन मुलगे, शेजारची काही पोरं आणि मी असे मिळून त्या खाचेत झावळ्यांचं कुंपण घातलं. वाटलं होतं, घट्ट भिंत करावी. काकांनी करू दिली नाही. फटी ठेवायच्या. घट्ट भिंत असली की वारा तिला धडकून तिच्याच पायाशी वाळू खोदतो. फटी असल्या की तो आरपार जातो पण दमतो, आणि दमला की ओझं खाली ठेवतो. खरंच, पुढच्या मे महिन्यापर्यंत झावळ्या निम्म्या पुरल्या गेल्या होत्या. जून २०२२ मध्ये पहिल्या पावसानंतर शेजारच्या भागातले मर्यादवेलीचे दोन-दोन हात लांब फाटे आणून पेरं वाळूत दाबून लावले. निम्मे मेले, निम्मे धरले. डिसेंबर २०२३ मध्ये कोणीतरी वरच्या झावळ्या उपटून शेकोटी पेटवली. नव्याने घातल्या. माझ्या जुन्या पोस्टवरची जागेची खूण मी काढून टाकली, पण ती इतक्या जणांनी पुढे पाठवली आहे की आता ती माझ्या हातात नाही.

हे सगळं मी भाचीला विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मावशी, मग तो फोटो भिंतीवर कशाला ठेवलायस?" मी म्हटलं, काढायचा विचार केला होता. पण त्याच्या शेजारी २०२० चा फोटो लावायचं ठरवलंय, तो अजून छापून आणला नाही, एवढंच.

नंतर आम्ही रापणकारांच्या तिरक्या वाटेने पुळणीवर उतरलो. टेकडी चढायची नाही म्हटल्यावर फोटोला काय उरलं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. उरलं होतं पुष्कळ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे पूर्ण ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे नेमकं ऊन तिरपं असताना ओली पुळण लांबच लांब उघडी पडते. आणि भरतीच्या रेषेखालच्या वाळूवर कितीही चाला, कितीही लोळा. सहा तासांनी समुद्र पाटी कोरी करतो.

ओल्या वाळूतून परतणारं पाणी झाडाच्या फांद्यांसारखे ओहोळ कोरत जातं. तिने फोन उलटा धरून, भिंग वाळूपासून चार बोटांवर आणून त्याचा फोटो घेतला, तर विमानातून पाहिलेली नदीच वाटावी. जरा पुढे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी. बारीक खेकडे ओहोटीच्या वेळी बिळातून निघतात, वाळूतलं सूक्ष्म शेवाळ खातात आणि चाखून झालेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती किरणांसारख्या रांगा पडतात. पाऊल वाजलं की सगळे गडप. दहा मिनिटं हलायचं नाही, मग एकेक जण बाहेर येतो. भाचीचा धीर सात मिनिटांनी संपला, तरी एक खेकडा तिला मिळाला.

एका ठिकाणी वाळूवर काळ्या रंगाच्या नक्षीदार रेघा होत्या. तिला वाटलं तेलाचा तवंग. मी पर्समधून फ्रीजवरचा लोहचुंबक काढला (तो मी यासाठीच बाळगते, घरचे हसतात) आणि वाळूवरून फिरवला. त्याला काळी मिशी फुटली. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं. लाट परतताना हलकी पांढरी वाळू घेऊन जाते आणि यांना मागे सोडते. चिकटतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. "आमच्याकडे सुरतजवळ डुमसला अख्खा किनारा काळा आहे," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ त्या रेघांचेच फोटो काढत बसली. ऊन तेव्हा पिवळं झालं होतं आणि पांढऱ्या वाळूवर काळं पाणी वाहतंय असं दिसत होतं.

अंधार पडायच्या आत मी तिला घरी चल म्हटलं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोरजीच्या टेंबवर वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखण करतं. रात्रीच्या अंधारात पिल्लं टेकडीच्या काळ्या आकृतीकडे पाठ करून उजळ समुद्राकडे धावतात. फोनचा दिवा किंवा फ्लॅश लागला की त्यांची दिशा चुकते. तेव्हा रात्री पुळणीवर असाल तर फोन खिशातच ठेवा. एरवी मात्र एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते: वाळूत भिंग बदलू नका, आणि भिंगावर कण बसले तर कापडाने पुसू नका, आधी फुंकणीने उडवा. पुसलंत की कायमचा ओरखडा. मी दोन भिंगं अशी घालवली आहेत.

निघण्याआधी भाची पुन्हा विहिरीपाशी गेली. म्हणाली, "यंदाचा मी काढू?" मी तिला कठड्यावरची जागा दाखवली आणि २०२० चा फोटो माझ्या फोनवर उघडून दिला. तिने तो डोळ्यांसमोर धरला, एकदा फोटोकडे, एकदा टेकडीकडे, असं दोन-तीन वेळा पाहिलं. जुन्या फोटोत खाचेतली निळी पट्टी बोटभर रुंद होती. समोर वाळू चढली होती, वर मर्यादवेलीची दोन फुलं होती आणि निळं होतं ते नखाएवढं. खाच अजून आहेच.

काका चहा घेऊन आले. तिने त्यांना विचारलं, "काका, इतक्या जवळ राहून घरातून समुद्र दिसत नाही, याचं तुम्हाला वाईट नाही का वाटत?"

काकांनी कप तिच्या हातात दिला. "आवाज येता न्ही? पुरो."